टीव्हीच्या फॅशन हाऊसमध्ये शिंपी कुठे असतो?

जस्सी आठवते? दातांना तारा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि अंगावर ढगळ कपडे. १ सप्टेंबर २००३ ला सोनी वाहिनीवर ‘जस्सी जैसी कोई नहीं’ सुरू झाली, तेव्हा घरोघरच्या टीव्हीत सासू-सुनांनी मुक्काम ठोकला होता. त्या भरजरी गर्दीत ही हुशार, पण ‘दिसायला बरी नसलेली’ मुलगी ‘गुलमोहर’ नावाच्या फॅशन हाऊसमध्ये नोकरीला लागली आणि बघता बघता घरातलीच होऊन गेली. जस्सी साकारणाऱ्या मोना सिंगचा खरा चेहरा वाहिनीने बराच काळ झाकून ठेवला होता. बाहेरच्या कार्यक्रमांनाही ती जस्सीच्याच अवतारात यायची आणि तारांमागची मुलगी मुळात दिसते कशी, याची चर्चा व्हायची.

आता जरा आठवून बघा, गुलमोहरमध्ये कपडे शिवायचं कोण? साहेब अरमान सुरीची केबिन आठवते, मल्लिकाचा तोरा आठवतो, रिसेप्शनवरच्या कुचाळक्या आठवतात. पण कात्री, मेजरटेप, मशीनवर वाकलेला माणूस? एका फॅशन कंपनीची गोष्ट जवळजवळ तीन वर्षं चालली, पण त्या कंपनीत कापड कुठून येत होतं आणि कपडा बनून कुठे जात होता, हे आठवायचं म्हटलं तर डोक्याला ताण द्यावा लागतो.

हा दोष एकट्या जस्सीचा नाही. फॅशनचा धंदा टीव्हीला मनापासून आवडतो, पण त्यातली दोनच ठिकाणं त्याला दाखवावीशी वाटतात. एक साहेबाची केबिन, दुसरा रॅम्प. या दोन्हींच्या मधे जो लांबलचक पल्ला आहे, तिथे कॅमेरा क्वचितच रेंगाळतो. जिथे रेंगाळला, तिथे मात्र चांगलं काहीतरी हाती लागलेलं दिसतं.

जस्सीचं माहेर कोलंबियातलं. फर्नांडो गाइतान या लेखकाने ‘यो सोय बेत्ती, ला फेआ’ ही मालिका लिहिली आणि १९९९ ते २००१ या काळात ती तिथल्या आरसीएन वाहिनीवर चालली. त्याआधी त्याने कॉफीच्या धंद्यावर बेतलेली गाजलेली मालिका लिहिली होती. एखादा खराखुरा उद्योग उचलायचा आणि त्याच्या पोटात प्रेमकथा रचायची, ही त्याची खोड. बेत्ती ही बोगोटामधल्या ‘इकोमोदा’ या कपड्यांच्या कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागते. शिक्षण म्हणाल तर अर्थशास्त्राचं, म्हणजे पदापेक्षा कितीतरी जास्त. पण चेहऱ्यामुळे त्याहून चांगली नोकरी कुणी देत नाही.

गाइतानच्या मालिकेत प्रेमाइतकाच ताळेबंद महत्त्वाचा आहे. नवा अध्यक्ष आर्मान्दो मोठमोठे आकडे दाखवून खुर्चीवर बसतो, त्याचे बेत फसतात, कर्ज डोक्यावर चढतं आणि संचालक मंडळापुढे ठेवायला बेत्तीकडून हिशेबात रंगसफेदी करून घेतली जाते. बँकांनी गळा धरू नये म्हणून बेत्तीच्या नावावर ‘तेरामोदा’ नावाची एक कंपनी काढली जाते आणि इकोमोदा कागदोपत्री तिच्याकडे तारण पडते. १९९९ मध्ये कोलंबिया कित्येक दशकांतल्या सर्वांत वाईट मंदीतून जात होता. कपड्यांचा उद्योग हा त्या देशाचा जुना, अभिमानाचा उद्योग. त्याची व्यापारपेठ मेदेयीन शहरात. कर्जात बुडत चाललेला कारखाना ही तिथल्या प्रेक्षकाची घरची गोष्ट होती. शिवाय ऊगो लोम्बार्दी या तापट डिझायनरच्या हाताखाली इनेसिता नावाची वयस्क बाई कामाला आहे. डिझायनर आरडाओरडा करतो आणि ही मुकाट्याने टाके घालते. अख्ख्या मालिकेत तिच्या वाट्याला वेळ थोडाच आला असेल, पण ती आहे. फॅशनवरच्या पुढच्या बहुतेक मालिकांना एवढंही सुचलं नाही.

या मालिकेचे पुढे देशोदेशी अवतार झाले. २०१० मध्ये गिनेस बुकाने तिला सर्वांत यशस्वी तेलेनोवेला ठरवलं. तेलेनोवेला म्हणजे लॅटिन अमेरिकेतली, आपल्या दैनंदिन मालिकेची थोरली बहीण. जर्मनीत, रशियात, भारतात ती गेली आणि २८ सप्टेंबर २००६ ला अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘अग्ली बेटी’ म्हणून आली.

अमेरिकेत पोचताना एक बदल झाला. कपडे बनवणारी कंपनी गेली आणि कपड्यांबद्दल लिहिणारं मासिक आलं. बेटी सुआरेझ न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली मेक्सिकन कुटुंबातली मुलगी. छातीवर ‘ग्वादलाहारा’ असं लिहिलेला भडक पोंचो घालून ती ‘मोड’ मासिकाच्या पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत कचेरीत शिरते आणि पाहणाऱ्यांच्या भुवया केसांपर्यंत जातात. अमेरिका फरेराला या भूमिकेसाठी २००७ मध्ये एमी मिळाला. मालिका विनोदी, चटपटीत आणि मनाने फार प्रेमळ. बेटीचे वडील कागदपत्रांविना अमेरिकेत राहिलेले, भाचा जस्टिन फॅशनचा वेडा. या दोन धाग्यांवर मालिकेने जे केलं, ते त्या वेळच्या अमेरिकी टीव्हीला शोभा देणारं होतं. पण शिवणारी व्यक्ती? ती होती, क्रिस्टिना नावाची स्कॉटिश बाई. तिची जागा ‘क्लॉझेट’मध्ये, म्हणजे मासिकाला फोटोंसाठी आलेले कपडे लटकवून ठेवतात त्या खोलीत. इनेसिताच्या वाट्याला निदान कार्यशाळा होती, क्रिस्टिनाच्या वाट्याला कपाट आलं.

कारखान्याऐवजी मासिक का, याचं उत्तर अवघड नाही. मासिकाच्या कचेरीत लोक बोलतात. टोमणे मारतात, मुखपृष्ठावरून भांडतात, दारं आपटतात. कार्यशाळेत माणसं खाली मान घालून बसलेली असतात आणि तासन् तास काहीच ‘घडत’ नाही. संवादांवर जगणाऱ्या माध्यमाला हे परवडत नाही. त्यातून मासिकाच्या जगात मोठमोठ्या ब्रँडची नावं सहज घेता येतात, आणि ब्रँडची नावं घेता आली की वाहिनीच्या जाहिरात विभागाची सकाळ चांगली जाते.

पण खरंच काही घडत नाही का? मुंबईत लग्नाचे भारी कपडे बनवणाऱ्या कुठल्याही डिझायनरचा एक घागरा घ्या. आधी चित्र निघतं, ते टीव्हीवर दिसतं. चित्र कागदावरून शरीरावर उतरवायचं काम पॅटर्न मास्टरचं. चित्रातली बाई नऊ डोक्यांएवढी उंच असते आणि गिऱ्हाईक पाच फूट दोन इंच. या दोघींचा मेळ तो ब्राऊन पेपरवर पेन्सिलने घालतो. जरदोजीसाठी नक्षी बटर पेपरवर काढतात आणि रेघेरेघेवरून सुईने बारीक भोकं पाडत जातात. हा खाका. तो कापडावर पसरून त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ किंवा पांढरी पूड बोळ्याने फिरवली की भोकांतून नक्षी ठिपक्याठिपक्यांनी खाली उतरते. कापड लाकडी चौकटीवर ताणून बांधतात, तो अड्डा. त्याच्या चारी बाजूंनी कारागीर मांडी घालून बसतात. वरचा हात आरी चालवतो आणि खालचा हात, जो कुणालाच दिसत नाही, दोरा पुरवत राहतो. मग तुकडे कटिंगला जातात, जोडले जातात, अस्तर लागतं, ट्रायल होते, कमरेत अर्धा इंच कमी पडतो आणि कुणीतरी रात्री बसून टाके उसवतं. लग्नाची तारीख हलत नाही. नाट्य यात ठासून भरलंय. फक्त त्यातली पात्रं सुटाबुटातली नाहीत.

फॅशनला टीव्हीने आणखी एक काम लावून दिलंय, चारित्र्याचा दाखला देण्याचं. ‘कसौटी जिंदगी की’मधली कोमोलिका तिच्या कारस्थानांइतकीच कपाळावरच्या टिकल्यांसाठी आणि ब्लाऊजांसाठी लक्षात राहिली. मराठीत २०१६ मध्ये झी मराठीवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली आणि शनाया घरोघर पोचली. आखूड कपडे, रंगवलेली नखं, खरेदीचा सोस. समोर नागपूरकडची राधिका, साधी, स्वयंपाकात तरबेज. कपाट उघडताच कोण चांगली आणि कोण वाईट, हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे, असा हा जुना करार. गंमत अशी, की शनायाचे कपडे बघायलाही लोक तितक्याच आवडीने बसायचे. तिला नावं ठेवायची आणि तिच्या कानातल्यांसारखी कानातली शोधत हिंडायचं, यात कुणाला काही विसंगत वाटलं नाही. जस्सी आणि बेटीच्या गोष्टींचं मर्म तरी वेगळं काय? साधी मुलगी मनाने सुंदर, नटवी मुलगी आतून पोकळ. शेवटी मात्र साधीलाही नटवूनच आणायचं. जस्सी ‘सुंदर’ झाली, चष्मा गेला, तारा गेल्या आणि खरं सांगायचं तर तिच्याबरोबर मालिकेची गंमतही गेली.

मशीनचा आवाज टीव्हीवर पहिल्यांदा मनसोक्त ऐकू आला तो स्पर्धांमधून. अमेरिकेत ब्राव्हो वाहिनीवर १ डिसेंबर २००४ ला ‘प्रोजेक्ट रनवे’ सुरू झालं. सूत्रसंचालक मॉडेल हायडी क्लुम, परीक्षक डिझायनर मायकल कॉर्स आणि ‘एल’ मासिकाच्या नीना गार्सिया, तर स्पर्धकांचा पाठीराखा टिम गन, जो मुळात पार्सन्स या नामांकित डिझाइन संस्थेत फॅशनचा विभागप्रमुख होता. पहिल्याच भागात स्पर्धकांना कापडाच्या दुकानात नेण्याऐवजी किराणा दुकानात नेलं. हातात पन्नास डॉलर, आणि मिळेल त्या वस्तूचा पोशाख करायचा. ऑस्टिन स्कार्लेट नावाच्या स्पर्धकाने मक्याच्या कणसांची सालं गोळा केली आणि त्यांचा झगा केला. रात्रीत सालं सुकून आक्रसली, तरी झगा उभा राहिला आणि तोच जिंकला. फॅशन म्हणजे पैसा, हे गृहीतक एका कणसाच्या सालीने खोटं ठरवलं. टीव्हीवर हे काम इतक्या थेट क्वचितच कुणी केलं असेल.

तरी प्रोजेक्ट रनवेच्या घड्याळावर विश्वास ठेवू नये. तिथे एका दिवसात, फार तर दोन दिवसांत पोशाख तयार होतो. खऱ्या धंद्यात सहा-आठ महिने आधी काम सुरू होतं. कापड निवडायचं, त्याचा नमुना मागवायचा, धुऊन बघायचा, सॅम्पल शिवायचं, ते नाकारायचं, मग मापांची श्रेणी बांधायची, भाव करायचा. आणि हे एकट्याचं काम नसतं. टीव्हीवरचा स्पर्धक चित्र काढतो, कापतो, शिवतो, फिटिंग करतो. मोठ्या ब्रँडचा डिझायनर कित्येकदा मशीनला हातही लावत नाही. कामाची वाटणी दाखवायला वेळ लागतो, एकटा नायक दाखवणं सोपं जातं.

शिवाय हा कार्यक्रमच एक दुकान होता. केशरचनेचा ब्रँड ठरलेला, मेकअपचा ठरलेला, ज्या कपाटातून चपला आणि पर्स उचलायच्या त्यावरही कंपनीचं नाव. पहिला विजेता जे मॅकॅरोल याने तर एक लाख डॉलरचं बक्षीस घेतलंच नाही. त्याच्या पुढच्या कमाईत दहा टक्के वाटा निर्मात्यांना द्यावा लागेल, असं कलम करारात होतं आणि ते त्याला मान्य नव्हतं. बक्षिसाची रक्कम आणि वाटा यांचं गणित जुळत नाही हे ओळखणारा डिझायनर, ही फॅशनच्या धंद्यातली खरी गोष्ट. पण ती पडद्याबाहेर घडली.

मॉडेलिंगच्या बाजूला ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ होतं, टायरा बँक्सचं, २००३ पासून. भारतात त्याचा अवतार २०१५ मध्ये एमटीव्हीवर आला; पुढच्या पर्वांत परीक्षक म्हणून मलायका अरोरा आणि आपला मिलिंद सोमण आले. मूळ अमेरिकी कार्यक्रमात मुलींना उंचावर टांगून, प्राण्यांसोबत उभं करून, एकदा तर खून झालेल्या प्रेतांच्या अवस्थेत पाडून फोटो काढले. त्यावर टीका झाली, आजही होते. पण फॅशनच्या आणि टीव्हीच्याही धंद्याबद्दल सर्वांत बोलकी गोष्ट २००६ ची आहे. त्या उन्हाळ्यात या ‘रिअ‍ॅलिटी’ कार्यक्रमाचे लेखक संपावर गेले. हो, लेखक. तासन् तासांच्या चित्रणातून गोष्ट बेतणं, कोण रडकी आणि कोण भांडकुदळ हे रचणं, हे त्यांचं काम होतं. आपल्याला लेखक म्हणून लेखकसंघटनेचं संरक्षण मिळावं, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि कार्यक्रम त्यांच्याशिवायच पुढे चालू राहिला.

या धावपळीच्या बरोबर उलट वाटेने गेला तो बीबीसीचा ‘द ग्रेट ब्रिटिश सुइंग बी’. एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात स्पर्धक सगळे हौशी. कुणी निवृत्त बाई, कुणी डॉक्टर, कुणी नोकरदार. परीक्षकांत सॅव्हिल रो या लंडनच्या शिंप्यांच्या प्रसिद्ध गल्लीतला पॅट्रिक ग्रँट. इथे नाट्य कशावर? चेन सरळ बसली का, डार्ट कुठे संपला, कॉलरचं टोक उलटवताना दोरा तर निघाला नाही ना, शिलाईवर इस्त्री फिरवली का. पहिल्या पर्वाची विजेती ८१ वर्षांची होती. इथे कुणी कुणाला आव्हान देत नाही, कुणी रडत नाही, कुणी कुणाची कात्री लपवत नाही, आणि तरी खुर्चीच्या टोकावर बसून बघावं असा तो कार्यक्रम होतो. कार्यशाळेत काही घडत नाही, या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर सापडणार नाही.

गेल्या काही वर्षांत मोठ्या डिझायनरांच्या चरित्रमालिकांची लाट आलीय. त्यातल्या बऱ्याचशा व्यसन, प्रेमप्रकरणं आणि मेजवान्या यांत अडकतात. घरच्यांचे आक्षेपही ठरलेले. व्हर्साचे या डिझायनरच्या हत्येवरच्या २०१८ च्या मालिकेला कुटुंबाने कल्पित म्हटलं, २०२१ च्या ‘हॉल्स्टन’बद्दलही त्याच्या घरच्यांनी तेच म्हटलं. तरीही ‘हॉल्स्टन’ बघावी, आणि ती केवळ यूअन मॅकग्रेगरच्या एमी मिळवणाऱ्या कामासाठी नव्हे. रॉय हॉल्स्टनने १९७३ मध्ये आपला धंदा ‘नॉर्टन सायमन’ या कंपनीला विकला. सोबत स्वतःचं नावही विकलं. पुढे कंपन्या हातोहात बदलत गेल्या, स्वस्त दुकानांच्या ‘जेसी पेनी’ साखळीशी करार झाला तसं उंची दुकानांनी तोंड फिरवलं आणि अखेर अशी वेळ आली, की ‘हॉल्स्टन’ नावाने कपडे करायला हॉल्स्टनलाच परवानगी उरली नाही. फॅशनच्या धंद्यात कापडापेक्षा लेबल महाग असतं, हे या मालिकेने ठसठशीत दाखवलं.

आपल्याकडे हा विषय शिळा नाही. २०२१ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या फॅशन कंपनीने सब्यसाची मुखर्जीच्या ब्रँडमधला ५१ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्याच वर्षी मसाबा गुप्ताच्या ब्रँडमध्येही तेवढाच हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. मसाबाच्या आयुष्यावरची ‘मसाबा मसाबा’ ऑगस्ट २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आली. त्यात ती स्वतःच मसाबा आणि नीना गुप्ता स्वतःच नीना गुप्ता. मायलेकींची जुगलबंदी अफलातून आहे. गुंतवणूकदाराची कटकट, वेळेत न होणारं कलेक्शन, डोक्यावर बसलेला शो, हे सगळं हलक्याफुलक्या हाताने येतं. पण तिथेही घटस्फोट आणि प्रेमाचे प्रश्न आले की शिवणकाम मागच्या बाकावर जाऊन बसतं.

बातम्यांच्या वाहिन्यांनी फॅशन दाखवली ती आणखी वेगळ्या कारणांसाठी. २००६ च्या मार्चमध्ये मुंबईत लॅक्मे फॅशन वीकमध्ये रॅम्पवर चालताना एका मॉडेलचा पोशाख घसरला. ती न डगमगता चालत राहिली. वाहिन्यांना मात्र ते काही सेकंद दिवसरात्र पुरले. राज्य सरकारने पोलिसांना चौकशी करायला सांगितली. गाठ कुणी नीट बांधली नाही किंवा कापड निसरडं होतं, एवढीच शक्यता असलेली गोष्ट राज्याच्या संस्कृतीचा प्रश्न झाली. पुढच्या वर्षी केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने फॅशन टीव्ही वाहिनीवर रात्रीच्या एका कार्यक्रमावरून १ एप्रिल २००७ पासून दोन महिने बंदीचा आदेश काढला. फॅशन म्हणजे अंग दाखवणं, हा समज पक्का करायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

अंगावरचा कपडा शिवतं कोण, हा प्रश्न घेऊन निघालेले कार्यक्रमही आहेत. २००८ मध्ये बीबीसीने सहा खरेदीवेड्या ब्रिटिश तरुणांना भारतात आणलं. कापसाची शेतं, कापडाच्या गिरण्या, निर्यातीचे कारखाने असं करत ते मुंबईत धारावीच्या गल्ल्यांपर्यंत पोचले. २०१४ मध्ये नॉर्वेच्या ‘आफ्तेनपोस्तेन’ या वृत्तपत्राने तीन तरुण फॅशन ब्लॉगर कंबोडियाच्या नॉम पेन्हला पाठवले. ते तिथल्या शिवणकामगार बाईच्या घरी राहिले आणि कारखान्यात एकच शिलाई पुन्हा पुन्हा मारत बसले. सुरुवातीला ‘त्यांना निदान काम तरी आहे’ म्हणणारी मुलं शेवटी कॅमेऱ्यापुढे ढसाढसा रडली. ढाक्याजवळच्या साभारमध्ये राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळून अकराशेहून अधिक माणसं दगावली होती, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

इथेही डोळे मिटून विश्वास ठेवायची सोय नाही. बीबीसीच्याच ‘पॅनोरमा’ने जून २००८ मध्ये ‘प्रायमार्क’ या स्वस्त कपड्यांच्या ब्रँडवर कार्यक्रम केला. त्यात बंगळूरच्या एका कार्यशाळेत मुलं शिलाई तपासताहेत असं एक मिनिटभराचंही नसलेलं दृश्य होतं. कंपनीने तक्रार केली. २०११ मध्ये बीबीसी ट्रस्टने निकाल दिला, की ते दृश्य खरं नसण्याचीच शक्यता अधिक. बीबीसीला माफी मागावी लागली आणि कार्यक्रमाला मिळालेला पुरस्कारही परत करावा लागला. बालमजुरीचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. पण पुराव्यातल्या एका हलगर्जीपणाने तो मांडणाऱ्यांचंच तोंड बंद होतं.

आणि टीव्ही फॅशन नुसती दाखवत नाही, ती विकतोही. ‘सेक्स अँड द सिटी’च्या सुरुवातीला नायिका कॅरी जो पांढरा झिरझिरीत स्कर्ट घालून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभी असते, तो वेशभूषाकार पॅट्रिशिया फील्डने पाच डॉलरला टाकाऊ मालाच्या ढिगातून उचलला होता. आपल्याकडे ‘होणार सून मी ह्या घरची’ चालू असताना जान्हवीच्या मंगळसूत्राने बाजारात धुमाकूळ घातला. सराफाकडे जाऊन ‘जान्हवीसारखं दाखवा’ म्हटलं की पुरे व्हायचं. आणि हे मंगळसूत्र, त्या साड्या, ते ब्लाऊज रोज कॅमेऱ्यापुढे नीट यावेत म्हणून सेटवर ड्रेसदादा असतो. कोणत्या प्रसंगात पदर कुठल्या पिनेवर होता, बांगड्या किती होत्या, याचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असतात. चार दिवसांनी त्याच प्रसंगाचा उरलेला तुकडा चित्रित करताना सगळे त्याच्याकडे धावतात. मालिकेच्या शेवटी नावं धावू लागतात, तोवर वाहिनी पुढच्या मालिकेची जाहिरात सुरू करते.

मराठी टीव्हीवरची सर्वांत मोठी फॅशनची घडामोड कुठली, असं विचारलं तर उत्तर मालिकांत शोधू नये. ते ‘होम मिनिस्टर’मध्ये आहे. २००४ पासून आदेश बांदेकर घरोघर गेले, वहिनींशी खेळले आणि जिंकणारीच्या हातात पैठणी ठेवत राहिले. लग्नात आजीच्या ट्रंकेतून निघणारं हे वस्त्र संध्याकाळच्या सहा-साडेसहाच्या गप्पांमध्ये आलं. २०२२ च्या ‘महामिनिस्टर’ पर्वात तर अकरा लाखांची पैठणी बक्षीस होती. ती पैठणी येवल्याच्या हातमागावर एकेक रंगीत कांडी हाताने फिरवत विणली जाते. मोर किंवा मुनियाची नक्षी दाट असेल तर एका साडीला महिने जातात. ‘सुइंग बी’सारखा कार्यक्रम मराठीत चालणार नाही असं ज्या वाहिनीला वाटतं, तिने एक एपिसोड वहिनींच्या दिवाणखान्याऐवजी येवल्यातल्या मागाच्या खोलीत लावून बघावा. विणकराला बोलतं करायला बांदेकरांना पाच मिनिटंही लागणार नाहीत.